कर्णधार दिला, मुलं घेतली: आइस हॉकीतला ड्राफ्ट आणि ट्रेड समजून घेताना

गेल्या डिसेंबरात एका शनिवारी सकाळी कॅनडातून माझ्या भाच्याचा फोन आला. तो व्हँकुव्हरला लागून असलेल्या सरी शहरात राहतो. तिथे अजून शुक्रवारची रात्र होती, तारीख 12 डिसेंबर 2025. ‘मामा, त्यांनी क्विनला देऊन टाकला,’ एवढंच बोलून तो गप्प झाला. त्याचा आवाज ऐकून मला घरातलंच कुणीतरी गेलं की काय असं वाटलं.

कोण क्विन? कुणी दिला? कुणाला आणि कशाच्या बदल्यात? मी एकेक प्रश्न विचारत गेलो आणि प्रत्येक उत्तरातून दोन नवे प्रश्न निघाले. पुढचे काही आठवडे मी हा विषय धरूनच बसलो. कॅनडात आपली मराठी मुलं मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या घरी फोन लावला की हल्ली क्रिकेटइतकंच आइस हॉकीबद्दलही ऐकू येतं. ‘ड्राफ्ट’, ‘प्रॉस्पेक्ट’, ‘पिक’, ‘कॅप’ हे शब्द कानावरून जातात आणि आपण नुसतं ‘हं’ म्हणतो. तसं करावं लागू नये म्हणून हा लेख.

आधी झालं काय ते सांगतो. क्विन ह्यूज हा व्हँकुव्हर कॅनक्स संघाचा तेव्हाचा कर्णधार. वय तेव्हा 26, बचावपटू. 2024 साली लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूला मिळणारी नॉरिस ट्रॉफी त्याने जिंकली. कॅनक्सच्या इतिहासात हा मान मिळवणारा तो पहिलाच. अशा खेळाडूला संघाने मिनेसोटा वाइल्ड या दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. बदल्यात आले तीन तरुण खेळाडू, मार्को रॉसी, झीव बुईम आणि लियाम ओग्रेन, आणि त्यासोबत 2026च्या ड्राफ्टमधला मिनेसोटाचा पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क. पैशाची देवघेव नाही. माणसांच्या बदल्यात माणसं, आणि ज्याचं नावसुद्धा अजून ठरलेलं नाही असा एक मुलगा.

### आपली हॉकी वेगळी, ही वेगळी

आपण हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात, खडकीचे धनराज पिल्ले आठवतात. ती मैदानावरची. ही बर्फावरची. पायांत स्केट्स, चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती, जिला ‘पक’ म्हणतात. एका वेळी गोलरक्षकासह सहा जण बर्फावर असतात. धावपळ इतकी जीवघेणी की पाऊण-एक मिनिटात दमून बाहेर यायचं आणि पुढच्या तुकडीने आत जायचं. साठ मिनिटांचा सामना असाच आलटून पालटून खेळला जातो. ह्यूजसारखा खेळाडू त्यातली 25 मिनिटांच्या आसपास एकटा ओढतो. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे तो कामाला येणार आहे.

नॅशनल हॉकी लीग म्हणजे एनएचएल. 32 संघ, त्यातले 25 अमेरिकेतले आणि 7 कॅनडातले. 2025-26 पर्यंत प्रत्येकाचे साखळीत 82 सामने, मग वरचे 16 संघ बाद फेरीत, आणि शेवटी 1893 पासून दिला जाणारा स्टॅन्ली कप. खेळ कॅनडाचा, पण कॅनडातल्या संघाने हा कप शेवटचा जिंकला 1993 साली, माँट्रियलने. व्हँकुव्हर तर 1970 पासून लीगमध्ये आहे. 1982, 1994 आणि 2011 असे तीनदा ते अंतिम फेरीत पोहोचले आणि तिन्ही वेळा हरले. शेवटच्या दोन वेळा सातव्या, निर्णायक सामन्यात. दोन्ही वेळा शहराच्या रस्त्यांवर दंगल झाली. तिथल्या चाहत्याच्या छातीत काय साठलेलं आहे हे कळल्याशिवाय माझ्या भाच्याचा तो आवाज कळत नाही.

### लिलाव नाही, पाळी

नवे खेळाडू संघात येतात कुठून? आयपीएलमुळे आपल्याला लिलावाची सवय आहे. ज्याच्या पिशवीत पैसे, तो बोली वाढवणार. एनएचएलमध्ये अठरा वर्षांच्या मुलांचा लिलाव होत नाही, त्यांची पाळीपाळीने निवड होते. हाच ‘ड्राफ्ट’. 1963 पासून ही प्रथा आहे. दरवर्षी उन्हाळ्यात सात फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत 32 संघांना एकेक निवड, म्हणजे एकूण 224 मुलं. कॅनडातली ज्युनियर लीग, अमेरिकेतली कॉलेजं, स्वीडन, फिनलंड, सगळीकडची. कुठल्या संघात जायचं हे मुलाने ठरवायचं नाही. ज्याने नाव पुकारलं, त्याचा हक्क.

पाळी कशी लावतात? मोटामोटी उलट्या क्रमाने. जो संघ गेल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळला तो आधी, जिंकणारे सगळ्यात शेवटी. वर्गात मागे पडलेल्या मुलाला पुढच्या बाकावर बसवावं तसं. हेतू हा की पैसेवाल्या शहरांनीच कायम वर राहू नये.

आता महत्त्वाची गोष्ट. संघाकडे असतो तो मुलगा नव्हे, निवडीचा नंबर. यालाच ‘पिक’ म्हणतात. मी त्याला टोकन म्हणेन. रोपवाटिकेत पुढच्या पावसाळ्यात येणार असलेल्या कलमांसाठी आजच टोकन घेऊन ठेवावं, तसं हे. टोकन दुसऱ्या संघाला देता येतं, बदलता येतं, दोन-तीन वर्षं पुढचंसुद्धा. मिनेसोटाने दिलं ते असं टोकन. त्यावरचा नंबर व्यवहाराच्या दिवशी कोरा होता, कारण तो मिनेसोटा मोसमात किती चांगलं खेळतं यावर ठरणार. संघ चांगला खेळला तर नंबर मागचा, म्हणजे टोकन हलकं. आणि ह्यूज मिळाल्यावर मिनेसोटा आणखी चांगलं खेळणार हे उघडच. एका अर्थी व्हँकुव्हरने स्वतःच्याच हाताने आपलं टोकन थोडं हलकं केलं.

### सतरा वर्षांच्या पोराचं भविष्य कोण सांगणार?

ज्याच्याकडून अजून फक्त अपेक्षा आहेत असा उमेदवार म्हणजे ‘प्रॉस्पेक्ट’. चाहते यांच्यावर रात्र-रात्र वाद घालतात आणि मला आधी ते विचित्र वाटलं होतं. तुमचा संघ आज रात्री खेळतो आहे आणि तुम्ही कुठल्या तरी गावातल्या बारावीच्या पोराची क्लिप बघत बसता?

पण वाद घालण्यासारखं तिथे खरोखरच आहे, कारण तज्ज्ञांचेही अंदाज भरपूर चुकतात. ह्यूजचंच बघा. 2018च्या ड्राफ्टमध्ये तो सातवा गेला. त्याच्या आधी सहा संघांनी दुसरी मुलं निवडली. माँट्रियलने घेतलेला कोटकानिएमी, ॲरिझोनाने घेतलेला हेटन, डेट्रॉइटने घेतलेला झाडिना. बचावपटू म्हणजे ताडमाड माणूस हवा ही जुनी समजूत, आणि ह्यूज पाच फूट दहा इंचांचा. या सहांतल्या बऱ्याच संघांना आज ते आठवून हळहळ वाटत असेल.

व्हँकुव्हरनेही हेच केलेलं आहे, म्हणून त्यांना हसायची सोय नाही. 2016 साली पाचव्या नंबरावर त्यांनी फिनलंडचा बचावपटू ओली युओलेव्ही निवडला. पुढच्याच पाळीला कॅलगरीने मॅथ्यू कचक घेतला. युओलेव्हीच्या वाट्याला दुखापती आल्या, एनएचएलमध्ये त्याचे पन्नास सामनेही झाले नाहीत. कचक पुढे फ्लोरिडाकडून 2024 आणि 2025 असे लागोपाठ दोन कप जिंकला. भाचा म्हणतो, त्याच्या मित्रांत अजून ‘पाचवा नंबर’ एवढं म्हटलं तरी शांतता पसरते.

उलटही होतं. ह्यूज ज्या संघात गेला तिथला सगळ्यात मोठा तारा किरील काप्रिझोव्ह. तो 2015 साली 135वा निवडला गेला होता. सप्टेंबर 2025 मध्ये त्याने आठ वर्षांसाठी 13 कोटी 60 लाख डॉलरचा करार केला, लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. व्हँकुव्हरचा लाडका पावेल बुरे 1989 साली 113वा होता.

अंदाज का चुकतात? सतरा-अठराव्या वर्षी शरीर अर्धवट असतं. कुणाची उंची वाढायची राहिलेली असते, कुणाची वाढून झालेली असते आणि म्हणूनच तो बाकीच्यांवर भारी पडत असतो. शिवाय एक मुलगा ओंटारिओत आपल्या वयाच्या पोरांविरुद्ध खेळतो, दुसरा स्वीडनमध्ये तिशीतल्या बाप्यांविरुद्ध. दोघांच्या गोलांची तुलना कशी करणार? सीबीएसई आणि बारावी बोर्डाचे गुण एकाच यादीत लावण्यासारखं आहे ते. त्यात बचावपटू आणि गोलरक्षक हे उशिरा पिकणारे. पहिल्या दोन-चार नंबरांवर सहसा हमखास माणूस मिळतो. तिथून खाली उतरत जाल तशी शक्यता झपाट्याने घसरते. ही घसरण डोक्यात ठेवली की ‘पहिल्या फेरीतलं टोकन मिळालं’ या वाक्याचा अर्थ नंबर कळल्याशिवाय लागत नाही, हे लक्षात येतं.

### ‘मग मुद्दाम हरलेलंच बरं!’

हा आक्षेप पहिल्या दिवशी माझ्याही मनात आला. शेवटून पहिला येणाऱ्याला पहिली निवड मिळत असेल, तर संघ मुद्दाम हरणार नाहीत का?

हरायचे. निदान तसा संशय वारंवार घेतला गेला. म्हणून 1995 पासून पहिल्या निवडीसाठी सोडत सुरू झाली. म्हाडाच्या सोडतीसारखी, पण सगळ्यांची शक्यता सारखी नसलेली. बाद फेरीत न पोहोचलेले 16 संघ सोडतीत असतात. जितका संघ वाईट तितकी शक्यता जास्त. यंत्रात 1 ते 14 आकड्यांचे चेंडू फिरतात, त्यातले चार निघतात, आणि त्या चारांची जोडणी ज्या संघाच्या नावावर असेल तो जिंकतो. सगळ्यात तळाच्या संघाला सोडत जिंकण्याची शक्यता 18.5 टक्के. शंभरातल्या ऐंशीहून अधिक वेळा चेंडू दुसऱ्याच कुणाचं नाव काढतात. त्यामुळे मुद्दाम हरणं हा भरवशाचा धंदा उरलेला नाही.

2025 साली हे सगळ्यांनी पाहिलं. न्यूयॉर्क आयलँडर्स संघ सोडतीच्या रांगेत दहावा होता, शक्यता 3.5 टक्के, आणि पहिला नंबर त्यांनाच लागला. त्यांनी मॅथ्यू शेफर हा बचावपटू घेतला. त्या मोसमात खांद्याजवळचं हाड मोडल्याने तो जेमतेम 17 सामने खेळला होता, त्याच्या आदल्या वर्षी त्याची आई कर्करोगाने गेली होती. तरी त्याला पहिला निवडायला कुणी कचरलं नाही. ड्राफ्टच्याच दिवशी आयलँडर्सनी आपला प्रस्थापित बचावपटू नोआ डॉब्सन माँट्रियलला देऊन 16वं आणि 17वं टोकन आणि एक तरुण खेळाडू घेतला. हा डॉब्सन 2018च्या ड्राफ्टमध्ये ह्यूजच्या पाच नंबर मागे होता.

व्हँकुव्हरचं नशीब मात्र या बाबतीत सुरुवातीपासून रुसलेलं. 1970 साली ते आणि बफेलो एकाच वेळी लीगमध्ये आले. पहिला कोण निवडणार हे ठरवायला एक चक्र फिरवलं. चक्र थांबलं तसं लीगच्या अध्यक्षांना आकडा 1 दिसला आणि त्यांनी व्हँकुव्हर जिंकल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मग बफेलोवाल्यांनी लक्षात आणून दिलं की आकडा 1 नाही, 11 आहे. बफेलोला गिल्बर्ट पेरो मिळाला, तो त्यांचा आजवरचा सर्वांत थोर खेळाडू ठरला आणि पाठीवर 11 नंबर घालून खेळला. व्हँकुव्हरला 2025 पर्यंतच्या एकाही ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळालेली नाही.

### बाग तुमची नाही, करार तुमचा आहे

आता ट्रेडकडे येऊ. आयपीएलमुळे ट्रेड शब्द आपल्याला नवा नाही. 2023 साली हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईत आला, 2025 साली संजू सॅमसन चेन्नईला आणि रवींद्र जडेजा राजस्थानला गेला. पण तिथे काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन पट पुन्हा मांडला जातो. एनएचएलमध्ये लिलाव नाही, त्यामुळे ट्रेडचे परिणाम दहा-पंधरा वर्षं अंगावर राहतात.

कोकणात हापूसच्या बागा कराराने घेतात ते तुम्हाला ठाऊक असेल. झाडं मालकाची, फळ काही मोसमांपुरतं करारदाराचं. मुदत संपली की मालक पुढच्या वर्षी बाग कुणाला देईल ही त्याची मर्जी. हॉकीतला खेळाडू हा स्वतःच्या बागेचा मालक असतो आणि संघ हा करारदार. ट्रेडमध्ये संघ माणूस विकत नाही, उरलेली मुदत देतो. हे एकदा नीट बसलं की बाकी सगळं सोपं होतं.

मुदतीचे टप्पे असे. ड्राफ्टमधून आलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा पहिला करार तीन वर्षांचा करतो. मूळ पगार साधारण दहा लाख डॉलरपर्यंत बांधलेला. नंतरही काही वर्षं त्याच्यावर संघाचा पहिला हक्क राहतो. साधारण सत्ताविसाव्या वर्षी किंवा सात मोसम खेळून झाल्यावर तो पूर्ण मोकळा होतो आणि करार संपला की हव्या त्या संघात जाऊ शकतो. ह्यूजचा करार वर्षाला साडेअठ्ठ्याहत्तर लाख डॉलरचा, 2026-27चा मोसम संपेपर्यंत. म्हणजे डिसेंबरात व्हँकुव्हरच्या हातात दीड मोसम उरला होता.

दुसरी बाजू पैशाची. 2004-05चा अख्खा मोसम मालक-खेळाडूंच्या भांडणात रद्द झाला आणि त्यानंतर प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आली. तिलाच ‘कॅप’ म्हणतात. पहिल्या वर्षी ती 3 कोटी 90 लाख डॉलर होती, 2025-26 मध्ये 9 कोटी 55 लाख. मालक कितीही श्रीमंत असो, याच्या वर जाता येत नाही. म्हणून चांगला खेळणारा पण स्वस्त तरुण हा सोन्याहून मोलाचा. त्याच्यामुळे वाचलेल्या जागेत दुसरा महागडा खेळाडू बसतो. बुईमची किंमत अशीच मोजायची. तो 2024 साली बारावा निवडला गेलेला, वीस वर्षांचा, पहिल्याच करारावरचा बचावपटू. ऑस्ट्रियाचा रॉसी 2020च्या ड्राफ्टमधला नववा. कोविडनंतर हृदयाला सूज आल्याने त्याचा जवळजवळ पूर्ण मोसम गेला होता, तिथून उठून त्याने 2024-25 मध्ये 24 गोल केले. ओग्रेन 2022चा एकोणिसावा. तिघेही पहिल्या फेरीतले, हे मुद्दाम बघा. बागेच्या उरलेल्या दीड मोसमाच्या बदल्यात तीन जोमदार कलमं आणि एक टोकन, असा तो सौदा.

### ‘करार होता ना? मग संपेपर्यंत ठेवायचा!’

भाच्याचा हाच मुद्दा होता. दीड वर्ष तरी आमचा राहिला असता, कदाचित मन बदललं असतं.

त्याला मी 2018 सालचं न्यूयॉर्क दाखवलं. आयलँडर्सचा कर्णधार जॉन टव्हारेस, करार संपत आलेला. संघाने त्याला दिला नाही, राहील अशी आशा धरली. 1 जुलैला मुदत संपली आणि तो आपल्या लहानपणच्या लाडक्या टोरोंटोला सात वर्षांच्या करारावर निघून गेला. बदल्यात आयलँडर्सना काय मिळालं? काहीच नाही. पिकलेली बाग हातची गेली आणि एक रोपही लावलेलं नव्हतं.

शिवाय उरलेली मुदत जितकी कमी, तितकी किंमत कमी. ह्यूजसोबत मिनेसोटाला दोन बाद फेऱ्यांची संधी मिळत होती, म्हणून त्यांनी तीन-तीन मुलं मोजली. वर्षभर थांबलं असतं तर गिऱ्हाइकाने एकाच मोसमाचे पैसे दिले असते. एप्रिल 2025 मध्येच संघाचे अध्यक्ष जिम रदरफर्ड उघडपणे बोलले होते की क्विनला आपल्या भावांबरोबर खेळायची इच्छा आहे. त्याचे दोन्ही धाकटे भाऊ, जॅक आणि ल्यूक, न्यू जर्सीकडे आहेत. एवढं माहीत असताना, संघ तळाशी घसरलेला असताना, वाट बघणं म्हणजे फणा काढलेल्या प्रश्नाकडे पाठ करून बसणं होतं.

मग न्यू जर्सीलाच का दिला नाही? व्हँकुव्हरला त्याच्या बदल्यात सगळ्यात जास्त जो देईल त्याला द्यायचं होतं. भावांना एकत्र आणणं हे त्यांचं काम नव्हतं.

### ‘एकाच्या बदल्यात चार! मग वाईट काय?’

चार पावल्या मिळून रुपया होतो हे वाण्याच्या दुकानात खरं. बर्फावर ते चालत नाही. तो 25 मिनिटांचा आकडा आता आठवा. बर्फावर जागा ठरलेल्या, वेळ ठरलेला. बरे खेळाडू तुम्ही हवे तितके गोळा करा, सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत पक कुणाकडे द्यायचा हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून ट्रेडकडे बघताना मिळालेली डोकी मोजायची नाहीत. त्यातला एक तरी पुढे तारा होण्यासारखा आहे का, एवढंच बघायचं.

याचा सगळ्यात मोठा दाखला 1992 सालचा. क्वेबेक संघाने आदल्या वर्षी एरिक लिंड्रोसला पहिला निवडला होता. तो जायलाच तयार नव्हता, वर्षभर अडून बसला. शेवटी क्वेबेकने त्याला फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क रेंजर्स अशा दोन्ही संघांना कबूल करून टाकलं, आणि लवादाला निकाल द्यावा लागला. फिलाडेल्फिया जिंकलं. त्यांनी मोजलेली किंमत: अर्धा डझन खेळाडू, पहिल्या फेरीतली दोन टोकनं आणि दीड कोटी डॉलर. लिंड्रोस खरोखर महान निघाला, 1995 साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण त्याला कप कधीच मिळाला नाही. क्वेबेकला मिळालेल्या गठ्ठ्यात पीटर फोर्सबर्ग नावाचा एक स्वीडिश तरुण होता. तो एकटाच लिंड्रोसच्या तोलाचा झाला. 1995 साली संघ डेन्व्हरला हलला, कोलोराडो अव्हलांश असं नाव घेतलं आणि पहिल्याच मोसमात कप जिंकला. क्वेबेकच्या चाहत्यांनी सगळी वाईट वर्षं सोसली आणि पीक दुसऱ्या शहराने काढलं. या प्रकरणातलं हे मला सगळ्यात जास्त लागतं.

व्हँकुव्हरचा प्रश्न म्हणून एवढाच आहे: बुईम काय होतो? बाकीचे दोघे चांगले निघाले आणि तो साधारण राहिला, तर हा सौदा कागदावर बरा दिसेल आणि संघ मधल्याच पायरीवर अडकेल.

### ‘माणसं म्हणजे काय बाजारातला माल?’

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो. रात्रीत शहर बदलायचं, बायकोची नोकरी, मुलांची शाळा, सगळं सोडून. अठराव्या वर्षी कुठे राहायचं हे एका चेंडूच्या यंत्राने ठरवायचं. कुठल्याही इतर धंद्यात हे चाललं नसतं.

हे चालतं कारण खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी वाटाघाटी करून ते मान्य केलं आहे. बदल्यात लीगच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा पगारात येतो, करारातले पैसे हमीचे असतात, आणि अनुभवी खेळाडूंना ‘माझ्या परवानगीशिवाय मला हलवायचं नाही’ असं कलम मागता येतं. ते कलम हातात असलेला खेळाडू ‘मी फक्त या दोन-तीन संघांतच जाईन’ असं म्हणू शकतो आणि मग संघाचे हात बांधले जातात. तरी मला वाटतं की या व्यवस्थेचा सगळा भार सर्वांत तरुण मुलांवर पडतो, ज्यांना वाटाघाटीत मत नव्हतं. चाहत्यांनी प्रॉस्पेक्टबद्दल बोलताना ही मुलं सतरा वर्षांची आहेत याची आठवण ठेवली पाहिजे. युओलेव्ही दुखापतीशी झगडत होता तेव्हा लोक त्याच्याबद्दल जे बोलत होते ते ऐकवत नाही.

### भावांमुळे मिळालं, भावांमुळे गेलं

व्हँकुव्हरच्या इतिहासातला सगळ्यात सुंदर व्यवहार 1999 सालचा. स्वीडनचे जुळे भाऊ डॅनियल आणि हेन्रिक सेडीन ड्राफ्टला होते. दोघे एकत्रच खुलायचे, पण दोन वेगळ्या पाळ्यांना एकाच संघाने दोघांना उचलायचं कसं? व्हँकुव्हरकडे तिसरं टोकन होतं. व्यवस्थापक ब्रायन बर्क यांनी एक बचावपटू आणि पुढच्या वर्षीचं टोकन देऊन शिकागोकडून चौथं मिळवलं. ते आणि आणखी दोन छोटी टोकनं टॅम्पाला देऊन पहिलं घेतलं. मग पहिलं अटलांटाला देऊन दुसरं घेतलं, या बोलीवर की अटलांटा सेडीनांना हात लावणार नाही. अटलांटाने पॅट्रिक स्टेफन घेतला आणि व्हँकुव्हरने दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर दोघे भाऊ. 2010 साली हेन्रिक आणि 2011 साली डॅनियल लीगमध्ये गुणांत अव्वल आले. दोघेही अखेरपर्यंत व्हँकुव्हरलाच राहिले, 2018च्या एप्रिलमध्ये एकत्र निवृत्त झाले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, जूनमध्ये, त्याच संघाने क्विन ह्यूजला निवडलं होतं.

### बरं, जिंकलं कोण?

1986 साली व्हँकुव्हरने कॅम नीली नावाचा धडपडणारा पोरगा आणि पुढच्या वर्षीचं टोकन बोस्टनला देऊन बॅरी पेडरसन हा नावाजलेला खेळाडू आणला. त्या दिवशी नीलीचा एकविसावा वाढदिवस होता. नीली पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे हॉकीतल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. आणि त्या टोकनावर, ते तिसऱ्या नंबराचं निघाल्याने, बोस्टनला ग्लेन वेस्ली मिळाला, जो पुढे तब्बल वीस मोसम खेळला. दहा वर्षांनी, 1996 साली, तोच व्हँकुव्हर संघ ॲलेक स्टोयानोव्ह देऊन पिट्सबर्गकडून मार्कुस नासलुंड घेऊन आला. नासलुंड कर्णधार झाला, त्याची 19 नंबरची जर्सी आज तिथे मानाने छताला टांगलेली आहे. या दोन्ही व्यवहारांचा खरा हिशेब त्या रात्री कुणालाच मांडता आला नसता.

माझं मत विचाराल तर डिसेंबरातला निर्णय बरोबर होता. चूक आधीच्या वर्षांत झाली, ह्यूजच्या भोवती राहावंसं वाटेल असा संघ उभा न करण्याची, आणि ती चूक ट्रेडने भरून निघत नाही. मिनेसोटानेही जुगार खेळला आहे. ह्यूजशी नवा करार करण्याची मुभा 1 जुलै 2026 पासून. त्याने सही केली तर त्यांनी सोनं केलं. नाही केली तर 2027च्या उन्हाळ्यात त्यांचं आयलँडर्स होऊ शकतं.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, ‘मामा, बुईमचे विद्यापीठातले सामने पाठवतो, बघ जरा. पायांची चाल बघ त्याची.’ मी पाहिले. पक मिळाला की तो पोरगा आधी मान वर करून बघतो आणि मगच वळतो.